पांढरी पडलेली अंगठी

सकाळी न्हाणं आटोपलं की रुक्मिणीबाई गोदावरीला खिडकीपाशी बसवीत आणि पत्र्याच्या डबीतला पांढरा मलम तिच्या तोंडावर, मानेवर, हातांवर चांगला चोळून जिरवीत. भवानी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत हा क्रम दोन महिने चालला होता. डबीवर एका गोऱ्यापान बाईचं चित्र होतं. आत काय आहे ते कुठंच लिहिलेलं नव्हतं, आणि विकणाऱ्या फेरीवाल्याला कुणी विचारलंही नव्हतं.

गोदावरी त्यांची पंधरा वर्षांची लेक. हुशार, हसरी, वर्णानं सावळी. नातेपुत्याच्या एका घराण्यानं निरोप धाडला होता की पत्रिका जुळते, मुलगी उजळ असेल तर बघायला येऊ. मुलगा स्वतः तव्याच्या बुडासारखा काळा. पण नवऱ्या मुलाचा रंग कोण बघतो? गोदावरीचे वडील एकनाथ मास्तर शाळेत मुलांना आरोग्याचे धडे देत आणि घरी आले की बायकोला विचारीत, आज कितपत उजळली? मला ह्या प्रश्नाची किळस येते, आणि ती लपवायची माझी इच्छा नाही.

मुलगी उजळली होती खरी. पण तिला तोंडात तांब्याची चव येई, हिरड्यांतून रक्त येई, रात्रभरात उशी लाळेनं भिजे. पुढं बोटं कापू लागली. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा तिनं आईला सांगितलं. आईनं उष्णता झाली असेल म्हणून सब्जा दिला. वडील म्हणाले, लग्न ठरेपर्यंत जरा सोस. असे तीन आठवडे गेले.

मग एके दिवशी रुक्मिणीबाईंच्या बोटातली अंगठी पांढरी पडलेली दिसली. त्यांच्या आईनं दिलेली, चोख सोन्याची. चिंचेनं घासली, राखेनं घासली, पांढरेपणा जाईना. चुलीवरची भाकरी तशीच टाकून तासाभरात बाई सोनाराच्या दुकानात हजर झाल्या. लेकीच्या रक्ताला तीन आठवडे आणि सोन्याला एक तास!

म्हाताऱ्या गोपाळ पोतदारांनी अंगठी कसाला लावून पाहिली.

"सोनं चोख हाय, मास्तरीणबाई. ह्याला पारा लागलाय. कुटल्या मलमात हात घातला व्हय?"

बाईंनी सगळं सांगितलं. पोतदार म्हणाले की त्यांचे वडील पाऱ्यानं सोन्याचा मुलामा चढवायचं काम करीत. चाळिशीत त्यांचे दात पडले, आणि हात असे कापत की पाण्याचा तांब्या धरता येत नसे.

"अंगठी इस्तवावर धरली की पारा उडून जाईल, सोनं पुन्हा पिवळं. पोरीच्या अंगातला कसा उडवायचा, ते मला न्हाय ठावं."

अंगठी न तापवताच बाई उठल्या आणि गोदावरीला घेऊन दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मलम त्या क्षणी बंद करायला सांगितला. आत काय आहे हे लिहिलेलं नसेल ते कातडीला कधी लावू नये. लिहिलेलं असलं तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस थांबावं, आणि आग झाली किंवा पुरळ उठलं तर धुऊन टाकून दवाखान्यात यावं, हे त्यांनी दोनदा बजावलं. हात कापायचे थांबायला महिने लागतील. थांबतीलच, असं त्या म्हणाल्या नाहीत.

मास्तरांनी हे सगळं ऐकून घेतलं. "पाहुणे परवा येतायत," ते म्हणाले. "तेवढे दोन दिवस लाव, मग सोडू."

रुक्मिणीबाईंनी डबी उचलून कमरेला खोचली.

पाहुणे आले. मुलाच्या आत्यानं पदराचं टोक पाण्यात बुडवून गोदावरीचा गाल खसाखसा पुसला. पावडर नाही अशी खात्री पटली, रंग पसंत पडला. तेवढ्यात गोदावरीच्या हातातली ताटली थरथरली आणि पोहे सतरंजीवर सांडले. हात का कापतात, आत्याबाईंनी विचारलं. मुलगी लाजाळू आहे, मास्तर घाईनं म्हणाले.

रुक्मिणीबाईंनी डबी काढून सर्वांच्या मध्ये ठेवली.

"लाजत नाही ती. हे विष मी माझ्या हातानं दोन महिने चोळलंय तिला, तुम्हाला पसंत पडावी म्हणून. त्यात पारा आहे. तिच्या हिरड्या सडल्या, हात कापायला लागले. हा रंग आता उतरणार, आणि उतरू दे. माझी मुलगी सावळी आहे. आम्हाला हे स्थळ नको."

मास्तर सतरंजीवरचे पोहे गोळा करू लागले. पाहुणे उठून जोडे घालू लागले. आत्याबाई मात्र मागं रेंगाळल्या. त्यांनी डबी उचलली, वरचं चित्र निरखून पाहिलं आणि रुक्मिणीबाईंच्या कानाशी येऊन हळूच विचारलं,

"आमच्या धाकटीचं अजून जमायचंय. कुठं मिळतो हो हा?"

रुक्मिणीबाईंनी त्यांच्या हातातून डबी ओढून घेतली आणि त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंच्या हवाली केली. डबी जिथं असायची त्या कोनाड्यात आता अंगठी ठेवलेली आहे, पांढरी ती पांढरीच. पोतदार अधूनमधून निरोप धाडतात की घेऊन या, क्षणाचं काम आहे. बाई सांगून पाठवतात, गोदीला सुईत दोरा ओवता येऊ दे, मग आणते. ह्याला सात महिने झाले.

आत्याबाईंना तसली डबी कुठं मिळाली, हे मला ठाऊक नाही. ती मिळाली असणार, एवढं मात्र तुम्हालाही ठाऊक आहे.