रोझमेरीची आंघोळ

मी भिलाईहून गुढियारीला घरी आलो, तेव्हा बाबा गच्चीवर हातात मग घेऊन उभे होते. समोर रंगाच्या जुन्या बादलीत मोनालीची रोझमेरी. शेंडे वाकलेले, खालची पानं तपकिरी.

मोनाली माझी धाकटी बहीण. ती गेल्या उन्हाळ्यात वनस्पतिशास्त्र शिकायला पुण्याला निघाली, तेव्हा बाबांनी तिच्यासाठी सिलतऱ्याला, ते स्वतः कामाला होते त्या लोखंडाच्या कारखान्यात, नोकरी बोलून ठेवली होती. "झाडं पाहून पोट भरते का?" असं ते म्हणाले, आणि ती त्यांच्याशी न बोलताच गेली. अजूनही फोन करते तो आईला. जाताना मला म्हणाली होती, "शेजारच्या काकूंच्या तुळशीच्या कुळातली आहे, पण तुळशीसारखं रोज पाणी नको घालू. हिले कोरडं आवडते." बाबा दारात उभे राहून ऐकत होते.

"बाबा, रोज पाणी देऊन राहिले का याले?"

"नाही रे. ती नको म्हणाली होती ना. एक थेंब नाही देत."

"मग माती ओली काहून हाय?"

"पानं धुतो म्हणून. काजळी बसते रोज. सारा जन्म भट्टीवर गेला, कुठली काजळी हाय ते मले नाही समजत?"

आई कपडे वाळत घालत होती. "पोट्टीची कधी वेणी नाही घातली यायनं," ती म्हणाली, "झाडाले मात्र रोज आंघोळ!"

धुतलेलं सगळं पाणी बादलीत उतरत होतं. मी रोप अलगद मातीतून बाहेर काढलं. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. ती कुजतात, आणि मग पाणी असूनही वर चढत नाही. वरून पाहणाऱ्याला झाड तहानलेलं वाटतं. मुळं काळपट तपकिरी होती. बोट लावताच साल निसटली, गटारासारखा वास आला. फांदी लावून पाहावी म्हणून एखादा हिरवा शेंडा शोधला. नव्हता.

"वाचते का?"

"तिलेच विचारा."

बाबांनी हात शर्टाला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मी फोन लावून स्पीकर चालू केला.

"हं दादा, बोल."

"मी हाव."

बाबांनी माझ्या हातातला फोन घेतला.

"तुह्या झाडाचे शेंडे वाकले. काय करू?"

तिनं विचारलं, "मुळं पाहिली? कोणत्या रंगाची आहेत?"

बाबांनी उघड्या मुळांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पांढरी," ते म्हणाले.

"मग वाचेल, बाबा. सावलीत ठेवा. माती पूर्ण कोरडी होऊ द्या."

"आन काजळी?"

"राहू द्या. तुम्ही धुऊन राहिले का पानं?"

"...एखाद वेळेस."

"नका धुवू. चौदा एप्रिलला येते, तेव्हा मी पाहते."

"हव," बाबा म्हणाले. फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो लगेच परत दिला नाही.

मग त्यांनी रोप पुन्हा बादलीत उभं केलं, माती दाबली आणि बादली जिन्याखाली सावलीत नेऊन ठेवली. पाण्याचा मग नळाशी पालथा ठेवला.

"गेल्या उन्हाळ्यातच विचारलं असतं तर?" बाबांनी विचारलं.

"तेव्हा मुळं खरंच पांढरी असणार," मी म्हणालो.

बाबांनी मान हलवली. वाकलेला एक शेंडा त्यांनी बोटानं सरळ केला. तो परत खाली आला.