एकाला सहा

"भिंतीला कान लावून काय ऐकताय? ती काय बोलणार आहे?" मुकादम वैतागून म्हणाला.

"बोलते," गवंडी म्हणाला आणि हातोडीचा दांडा पुढच्या दगडावर ठोकला. भरीव आवाज आला. त्याच्या पुढच्यावर ठोकला. तोही भरीव.

सकाळपासून दोघे समुद्राकडच्या भिंतीच्या कडेने चालत होते. वस्तीच्या विहिरीचं पाणी खारट झालं होतं, आणि भिंतीतच कुठेतरी गळती आहे असा निकाल सगळ्यांनी एकमुखाने देऊन टाकला होता. गवंड्याला हे पटत नव्हतं. वीस वर्षांत समुद्रच वर चढलाय, पाणी जमिनीच्या पोटातून येतंय, त्याला भिंत बापडी काय करणार? पण मुकादमाचं पालुपद एकच. "लोकांना काहीतरी दाखवायला हवं हो. गळती शोधा, बुजवा आणि मला मोकळं करा."

भिंत गवंड्याच्याच हातची. सुई शिरेल असा सांधा दाखवा आणि बक्षीस घ्या, अशी त्याच्या कामाची ख्याती. फक्त एका माणसाने या भिंतीला कधी चांगलं म्हटलं नाही. त्याचा थोरला भाऊ. तो भिंतीपलीकडच्या खाजणात, भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या दलदलीत, खेकडे धरायचा. पाय दिवसभर चिखलात, जीभ मात्र कायम तिखट. धाकट्याला तो 'ओळंब्या' म्हणायचा. ओळंब्याची दोरी सोडून सरळ आहे का बघितल्याशिवाय हा पाणीसुद्धा पीत नाही, असं त्याचं म्हणणं.

"ओळंब्या, खाजण एका जागी बसून राहत नाही," पाया खणला त्या दिवशी तो म्हणाला होता. "समुद्र चढला की तेही चढतं. गवताच्या मुळांत गाळ धरून बोट बोट वर येतं. नाहीच झेपलं तर मागे सरकतं. तू त्याच्या पाठीशी भिंत घालतोयस. आता ते जाईल कुठे? उभ्या उभ्या बुडेल."

तसंच झालं. आठ-नऊ वर्षांत गवत कुजलं, गाळ वाहून गेला. खेकडे लांब गेले, त्यांच्यामागे भाऊही लांब जाऊ लागला. एके दिवशी त्याच्या आधी भरतीच परत आली. टोपली सापडली. भाऊ सापडला नाही.

त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून गवंड्याला काम करता करता, अगदी भरदिवसा, भिंतीपलीकडून हाक ऐकू यायची. "ओळंब्या!" त्याने हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. आणि पलीकडे एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं. भीती वाटायची, दुसरं काय!

शेवटचं घर वहिनीचं. तिथे पोचतात तोच मुकादमाचा फोन वाजला आणि तो बोलत रस्त्यावरच रेंगाळला. गवंडी एकटाच परसात शिरला आणि जागीच थिजला.

परसाच्या सखल कोपऱ्यात गवत माजलं होतं. साधं नव्हे, खाजणातलं, जाड पात्यांचं. खाली काळा मऊ चिखल, चिखलात बिळं आणि बिळांच्या तोंडाशी नखाएवढे खेकडे. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून भिंतीच्या पायाशी त्याने वीतभर भोक ठेवलं होतं. त्याचं लाकडी बूच शेजारच्या दगडावर वाळत पडलं होतं.

"मीच काढते," मागून वहिनी म्हणाली. अकरा वर्षांत दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

"वहिनी, हे काय आरंभलंय? लोकांना कळलं तर इथून हाकलून देतील तुम्हाला."

"देऊ देत. भावोजी, ते समुद्रात आहेत. यायचं म्हटलं तर यायचं कुठून? तुमच्या भिंतीला दार ठेवलंयत का?" ती रागाने बोलत नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं. "भरतीला या भोकात आवाज होतो. घसा खाकरल्यासारखा. घरात शिरताना ते खाकरायचे ना, अगदी तसा. आधी नुसतं पाणी आलं. मग गाळ. मग हे गवत. म्हणायचे ना, जागा द्या, खाजण सरकेल? सरकलं बघा."

गवंड्याने त्या भोकाकडे पाहिलं. तिला वेडी म्हणणं सोपं होतं. पण मग रोज हाक ऐकणारे आपण कुठले शहाणे?

तेवढ्यात मुकादम आत आला. "सापडली ना गळती? हे बूच कोणी काढलं?" त्याची नजर वहिनीवर खिळली.

"कोण कशाला काढतंय? कुजून निघालंय," गवंडी म्हणाला. "काम माझं, चूक माझी. आत्ता बुजवतो."

"भावोजी, नको हो," वहिनी कळवळली.

"नको काय, बाई? वस्तीची विहीर गेली!" मुकादम खेकसला.

गवंड्याने घमेलं मांडलं. अशा कामाला तो एकाला तीन असा माल करायचा. सिमेंट एक, वाळू तीन आणि पाणी गोडंच. दगड आधी घासून धुवायचा. आज त्याने एक थापी सिमेंट टाकलं आणि त्यावर वाळू टाकत गेला. पाणी घेतलं ते तिथल्याच खाऱ्या डबक्यातलं. भोकातलं शेवाळही काढलं नाही. मुकादमाला सिमेंट आणि राख यांतला फरक कळत नव्हता. पण वहिनीने लग्नानंतर कितीतरी वर्षं याच दिराच्या हाताखाली घमेली वाहिली होती. वाळूच्या चौथ्या थापीला तिने मान वर केली. सहाव्या थापीला तिचा हात तोंडावर गेला.

उभ्या जन्मात त्याने असं काम केलं नव्हतं. आईला शिवी दिल्यासारखं वाटत होतं त्याला. भोक बुजवून त्याने वरून छान गुळगुळीत हात फिरवला आणि प्रत्येक कामावर ओढायचा तशी थापीच्या टोकाने आपली खूण ओढली.

"झकास! आता शंभर वर्षं बघायला नको," म्हणत मुकादम निघून गेला.

"खूण तरी पुसा," वहिनी हळूच म्हणाली. "पडलं की लोक तुमच्याच नावाने बोंब मारतील."

"मारू देत. काम माझंच आहे." तो खाली बसून थापी धुऊ लागला. "अमावास्येच्या उधाणाला निघेल. आठ दिवस आहेत. तोवर..."

"अकरा वर्षं थांबलेत. आठ दिवस थांबतील."

पलीकडे पाणी चढू लागलं होतं. लाटा भिंतीवर आपटत होत्या.

"वहिनी, त्या दिवशी मी येऊ?"

"दार उघडंच असतं, भावोजी. तुम्हीच येत नव्हता."

गवंड्याने मान खाली घातली. पिशवी उचलली आणि गवत पायाखाली येऊ नये म्हणून भिंतीला अंग घासत, एकेक पाऊल जपून टाकत तो बाहेर पडला.