बिनकाठ्यांचा तंबू

तंबू निवडायला धाकट्यानं दोन महिने घेतले. लग्न ठरवायलासुद्धा एवढा वेळ घेतला नव्हता, असं त्याची बायको म्हणायची, आणि ते खरंच होतं. तो औषधाच्या दुकानात कामाला. ग्रॅममध्ये विचार करायची त्याला खोडच होती. दुकानातला जुना काटा त्यानं घरी आणला आणि त्यावर मोजे, टॉर्च, चमचा, सगळं तोललं. दात घासायच्या ब्रशचा दांडा त्यानं अर्धा कापला, तेव्हा बायकोनं हात टेकले.

तंबूच्या दुकानातला विक्रेता मात्र सोशिक होता. एक तंबू वाऱ्याला टिकायचा, पण अडीच किलोचा. दुसरा हलका, पण त्यात उठून बसायची सोय नाही. चौथ्या खेपेला विक्रेत्यानं मुठीत मावेल एवढी राखाडी पिशवी त्याच्यापुढे ठेवली.

"साडेपाचशे ग्रॅम. दोघं झोपतात. फक्त याला स्वतःच्या काठ्या नाहीत."

"काठ्याच नाहीत?"

"डोंगरात चालताना हातात काठ्या असतात ना, त्याच दोन टोकांना उभ्या करायच्या. वर कापड, खाली खुंट्या, झालं काम."

धाकट्यानं पुढचं ऐकलंच नाही. काठ्या नसलेला तंबू. त्याला हाच हवा होता.

कारण सांगायला हवं. वडिलांचा तंबू कॅनव्हासचा होता, नऊ किलोचा, लोखंडी नळ्यांचा. दर सुट्टीत तो धाकट्याच्या पाठीवर असायचा आणि मागून थोरला चालायचा, त्यातलीच एक नळी हातात घेऊन. धाकटा रेंगाळला की पोटरीवर नळी बसायची. एकदा ती तोंडावर बसली आणि पुढचा दात अर्धा उडाला. वडील म्हणाले, भावाभावांत व्हायचंच असं. मग ते होतच राहिलं. आता थोरला सेहेचाळीस वर्षांचा, धाकटा एक्केचाळीसचा. थोरला शाळेत पीटीचा मास्तर, पोरांना तासतासभर हात वर करून उभं करण्यासाठी नावाजलेला. गेल्या वर्षी गाडी लावण्याच्या फालतू वादावरून त्यानं धाकट्याच्या कानाखाली वाजवली, तीही धाकट्याच्या मुलीच्या देखत. पोरगी नऊ वर्षांची. घरी येताना तिनं एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही का नाही मारलं?" धाकट्याला आजवरच्या सगळ्या मारापेक्षा ते जास्त लागलं. पुन्हा हात उगारला तर सोडायचा नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

मग डोंगरात जायचंच कशाला, असं कुणीही विचारेल. वहिनीमुळे. थोरल्याला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि खिंडीपलीकडे दोन दिवस चालत जायचं खूळ काही डोक्यातून जात नव्हतं. "एकटे नका सोडू हो त्यांना," वहिनी म्हणाली. "तुमचं ऐकतात ते." थोरला धाकट्याचं ऐकतो, हा घरातला सगळ्यात मोठा विनोद होता, पण वहिनीचे डोळे भरले होते. धाकटा हो म्हणाला.

कार्बनच्या हलक्या काठ्यांची एकच जोडी घेतली होती. एक काठी थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. पहिली रात्र वाटेतल्या एका देवळात काढली, तंबू पिशवीतच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास ते खिंडीत पोचले. वर एक झाड नाही, आडोसा म्हणून नुसते धोंडे. मागे गाडीरस्ता आठ तासांवर, पुढे त्याहून लांब. आणि समोरचं आभाळ काळंनिळं झालेलं. वारा असा सुटला की थोरल्याची टोपी गेली ती गेलीच.

"तंबू काढ, बारक्या," तो ओरडला.

धाकट्यानं पिशवीतून कापड काढलं. वाऱ्यात ते फडफडायला लागलं.

"हा तंबू? या रुमालात झोपायचं? आणि याच्या काठ्या कुठायत?"

"तुझ्या हातात," धाकटा म्हणाला.

तो अगदी सरळ बोलला होता. थोरल्याला वाटलं, हा आपली टर उडवतोय. त्यानं डोक्यात राख घालून घेतली आणि हातातली काठी सणसणीत हाणली. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा कानावर, आणि धाकट्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. कापड उडू नये म्हणून त्यानं ते गुडघ्याखाली दाबून धरलं होतं, त्यामुळे पळताही येईना. तिसऱ्याला तो खाली वाकला. काठी मागच्या धोंड्यावर बसली, कडकन मोडली आणि तिचे चार तुकडे झाले.

तरी थोरला थांबला नाही. लाथ आली, पोटात. तेव्हा धाकट्यानं कापडावर मोठा धोंडा ठेवला, नीट बघून ठेवला, आणि खालूनच उसळून भावाच्या तोंडावर डोकं आपटलं. नाक फुटल्याचा आवाज त्याला ऐकू आला. खरं सांगायचं तर त्याला तो गोड लागला. थोरला उताणा पडला. धाकट्यानं त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि आपली काठी दोन्ही हातांनी वर उचलली.

पंचवीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर पडलं होतं, रक्तानं माखलेलं. थोरल्यानं तोंडापुढे कोपर धरलं. लहानपणी धाकटा धरायचा, अगदी तसंच.

तेवढ्यात गारा आल्या. पहिली गार धाकट्याच्या मनगटावर बसली आणि त्याला काठीची आठवण झाली. एकशे नव्वद ग्रॅम. कार्बन आडव्या माराला टिकत नाही, हे तो आत्ताच बघून चुकला होता. ही मोडली की तंबू म्हणजे खरंच रुमाल. मग रात्री दोघं ओलेचिंब, या वाऱ्यात. आणि पोरगी पुन्हा काही विचारायला यायची ती कुणाकडे?

मारायचं होतं. फार मारायचं होतं. त्याच्या घशातून एक घाणेरडा आवाज आला आणि त्यानं काठी जमिनीत खुपसली.

"ऊठ," तो म्हणाला. "खुंट्या धर."

कापडाचं एक टोक काठीवर उभं राहिलं. दुसरं टोक ओल्या फडक्यासारखं लोळत होतं. धाकट्यानं थोरल्याला आत ढकललं, त्या टोकाखाली बसवलं.

"हात वर कर."

"काय?"

"काठी तू मोडलीस. आता हात वर. मूठ बांध आणि कापड पेलून धर."

थोरल्यानं हात वर केला. छप्पर उभं राहिलं. तो उगारलेला हात डोक्यावर दिसताच धाकट्याचा खांदा सवयीनं आखडला. पण हात खाली आला नाही. गारा त्या पातळ कापडावरून थेट बोटांच्या सांध्यांवर बसत होत्या. प्रत्येक गारेला थोरला दात आवळायचा. त्याचं नाक वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, दुसऱ्या हातानं त्यानं वाऱ्यात कापडाची कड दाबली होती. धाकट्यानं आपला रुमाल काढला आणि त्याचं नाक पुसलं. हलक्या हातानं पुसलं नाही.

"हात बदलू का?" बऱ्याच वेळानं थोरल्यानं विचारलं. 

"बदल."

गारा सरल्या, पाऊस झाला, मग पाऊसही ओसरला. वारा पडला. बाहेर पिवळट उजेड आला आणि कुठूनतरी पाणी वाहायचा आवाज यायला लागला. आता टोक खाली आलं असतं तरी काही बिघडलं नसतं. दोघांनाही ते कळत होतं.

"थांबलं वाटतं," थोरला हळूच म्हणाला. "घेऊ खाली?"

धाकट्यानं फुटलेल्या कानाला हात लावून बघितला. रक्त सुकलं होतं. मग त्यानं भावाच्या मुठीकडे पाहिलं, चारही सांधे सुजून काळेनिळे झाले होते.

"मी सांगेपर्यंत नाही," तो म्हणाला.

थोरल्यानं हात वरच ठेवला.