‘सोड’ म्हणणारी पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. बाजारात नेतात तसली नव्हे. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात मला पुटिका म्हणतात. सुईच्या टोकावर माझ्या हजारो बहिणी सुखाने राहतील, एवढी मी लहान. सावरगावच्या गुणवंताच्या मेंदूच्या बुडाशी एक चेतापेशी आहे. माझं सारं आयुष्य तिथेच गेलं.

पेशीच्या बांधणीघरात मी जन्मले. अंगाला अडकवायचा एक आकडा लावून मला दोन पायांच्या हमालाच्या डोक्यावर दिलं. हा हमाल म्हणजे एक प्रथिनच. एकेक पाऊल टाकत त्याने मला पेशीच्या टोकाला नेलं. तिथे काम एकच. हुकूम आला की भिंतीला आकडा अडकवायचा, पोट उघडायचं आणि निरोप पलीकडे द्यायचा. स्नायूला ‘आवळ’ म्हणणारे पुष्कळ होते. आमचा निरोप होता ‘सोड’. गुणवंता जेवायचा, गप्पा मारायचा, त्यात आमचाही हात असायचा. त्याने कधी आमचं नाव घेतलं नाही. न घेवो बापडा.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीत, म्हणजे नदीच्या दोन काठांवरच्या गावांच्या दगडफेकीच्या खेळात, त्याच्या कानाजवळ दगड लागला. जखम न धुताच त्याने अंगारा दाबला, वर रुमाल बांधला आणि पुन्हा नदीत उतरला.

घरी मनकर्णा, त्याची बायको, म्हणाली, “दवाखान्यात जाऊन सुई टोचून घ्या.”

“अंगारा लावला ना. सुई काहाले पाह्यजे?”

अंगाऱ्याचा दोष नव्हता हो. दगडाला चिकटलेली माती आत राहिली होती. त्या मातीतल्या जंतूंनी विष तयार केलं, आणि ते विष नसेच्या टोकातून आत आलं. कसं आलं सांगू? आमच्यासारख्याच पिशवीत बसून. हमालांनी तिलाही डोक्यावर घेतलं आणि आमच्या पेशीच्या दारापर्यंत आणलं. पिशवी दिसली की उचलायची, आत कोण आहे ते विचारायचं नाही, अशी आमच्याकडची रीत.

माझी एक बहीण निरोप देऊन रिकामी परतत होती. तिच्या पोटात बसून ते आमच्या पेशीत शिरलं. मग एकेकीचा आकडा कापला जाऊ लागला. आवाज नाही, झटापट नाही. माझाही कापला गेला, आणि मला कळलंसुद्धा नाही.

सात दिवसांनी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पंगत बसली. पुरणपोळी वाढताना मनकर्णा थबकली.

“काहून हसून राहिले तुमी?”

गुणवंता हसत नव्हता. जबडा आवळला होता, ओठ कानांकडे ओढले गेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भिंतीपाशी आम्ही शेकडो बहिणी भरल्या पोटाने उभ्या होतो. हुकूम येत होता. आकडा नव्हता, म्हणून ‘सोड’ पोचत नव्हतं. मी फार घाबरले, मित्रांनो. हे आवळणं छातीपर्यंत उतरलं असतं, तर त्याचा श्वासच थांबला असता.

मनकर्णाने पंगत सोडली आणि त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हा धनुर्वात; मोकळं फिरणारं विष औषधाने मारता येईल, पण कापलेलं जोडता येत नाही. नवं येईपर्यंत वाट पाहायची. तीन आठवडे तो अंधाऱ्या खोलीत पडून होता. भांडं वाजलं तरी त्याचं अंग धनुष्यासारखं ताठायचं. मग बांधणीघरातून नवे आकडे येऊ लागले, आणि एके सकाळी जबडा बोटभर उघडला.

आता तो बरा आहे. मी मात्र भरल्या पोटाने मोडीत निघाले आहे. जाता जाता एवढंच मागते. जखम साबणाने धुवा, त्याच दिवशी सुई घ्या.

परवा गुणवंता एका गमतीवर मोठ्याने हसला. मनकर्णाने हातातली परात खाली ठेवली, जवळ येऊन त्याचा जबडा चाचपला आणि विचारलं, “खरंच हसून राहिले ना?”