वादळ्याचे पाय

वादळ्या चाळीस वर्षं उडत होता. निळा मुखवटा, मुठी पुढे केलेल्या आणि खाली मुंगीएवढं शहर. आजोबांनी त्याच्या चित्रकथेचे अंक वाचले, बापाने वाचले. नातवंडं मात्र दुकानात अंक उचलून तसाच परत ठेवायला लागली. शेवटी संपादकबाईंनी मालिका एका नव्या लेखिकेच्या गळ्यात घातली. "काय हवं ते कर, पण याला जागं कर," एवढंच म्हणाल्या.

लेखिकेने त्याचं उडणंच काढून घेतलं. एका स्फोटात वादळ्याची शक्ती जाते आणि नवव्या मजल्यावर अडकलेल्या म्हातारीपर्यंत त्याला जिने चढून जावं लागतं. बाईंना कल्पना आवडली.

राहिले मास्तर. अठ्ठावीस वर्षं वादळ्याची चित्रं काढणाऱ्या त्या चित्रकाराला सगळं ऑफिस मास्तरच म्हणे. त्यांनी कथा वाचली, चष्मा पुसला, कागद पिशवीत घातले आणि घरी निघून गेले.

तीन दिवस फोन नाही. लेखिका ताटातला भात नुसता चिवडत होती.

"मीठ कमी पडलंय का?" नवऱ्याने विचारलं.

"त्यांना राग आलाय."

"कुणाला? मिठाला?"

ती हसली नाही. "पोटच्या पोरासारखा जपलाय त्यांनी त्याला. आणि मी काल आले नि त्याला खाली पाडलं."

अंक छापायला जायला पाच दिवस उरले, तेव्हा सकाळीच तिने मास्तरांचं घर गाठलं. बेल वाजवण्याआधी माफी तीनदा मनात घोकली. दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. "बरं झालं आलीस. हे धड जेवतही नाहीयेत," काकू कुजबुजल्या.

खोलीभर चुरगळलेले कागद पडले होते.

"मास्तर, कथा पटली नसेल तर मी बदलते."

"कथेला काय धाड भरलीय? चांगली आहे."

"मग?"

मास्तरांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. "मला पाय काढता येत नाहीत."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. उडणाऱ्याचे पाय ढगात जातात, धुरात जातात. उभा राहिलाच, तर पुढ्यात एक मोटार आणून ठेवायची. आणि तू मला नऊ मजल्यांचे जिने दिलेस!"

तिला हसू फुटणार होतं, पण चुरगळलेल्या कागदांवर खोडून खोडून फाटलेले पाय दिसले. माणूस तिच्याइतकाच घाबरला होता.

तिने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "चला जिन्यात. मी चढते, तुम्ही बघा."

मास्तर जिन्याच्या पायथ्याशी स्टूल टाकून बसले. ती अनवाणी चढली, उतरली, पुन्हा चढली.

"टाच उचलून थांब! हां. आता दमल्यासारखी चढ."

"त्याचं नाटक करावं लागणार नाही," ती धापा टाकत म्हणाली.

शेजारणीने दार किलकिलं केलं. "काही हरवलंय का?"

"नाही हो, सापडलंय," काकू म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

चार दिवस हेच चाललं. तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. पाचव्या दिवशी पानं छापायला गेली. पाय काही सुबक नव्हते. थोडे मोठेच, बोटं वाकडी. पण त्यांच्यावर खरोखर माणसाचा भार पडलेला दिसत होता.

अंक निघाल्यावर आठवड्याभरात पत्रं आली. पहिलं तिने उभ्यानेच वाचलं: 'आमच्या वादळ्याचं वाटोळं केलंत.' पुढची सहाही त्याच सुरातली. आठवं एका बाईचं होतं. सातव्या मजल्यावर राहते, लिफ्ट बंद आहे, आणि धाकटी आता कडेवर न बसता वादळ्यासारखी चढते म्हणे. ते पत्र मास्तरांनी दोनदा वाचलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"शिव्या द्यायला का होईना, लोक बोलायला लागले," संपादकबाई म्हणाल्या. "पण आता सांग, पुढच्या अंकात तो उडणार ना?"

मास्तर वळून तिच्याकडे बघू लागले. तिने याचा विचारच केला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. आणि बोलून गेल्यावर तिला दरदरून घाम फुटला.