फटफटीच्या चेनीला वंगण

ऐक रे, नुसतं ऐक, मधे तोंड घालू नको. लीलाधर डॉक्टरांची फटफटी माहीत आहे ना? अख्ख्या धरणगावात एकच. तर ती राखायला कौतिकभाऊ होता. पन्नाशीचा माणूस, सगळी हयात सरकी काढायच्या जिनावर कापसाच्या बैलगाड्या हाकण्यात गेलेली. बैल म्हातारे झाले, विकले, आणि डॉक्टरांकडे कामाला लागला. झाडलोट, पाणी, आणि दर रविवारी फटफटीची चेन.

चेन धुवायचं डॉक्टरांनी स्वतः बसून शिकवलेलं. चेनीचा जोड असतो ना, तिथे माशाच्या आकाराची नखाएवढी क्लिप असते. ती पकडीने काढायची, की चेन सुटली. मग घमेल्यात रॉकेल, त्यात चेन बुडवायची, कुंचल्याने घासायची, चिंधीने पुसून दोरीवर टांगायची. सुकली की एकेका कडीत पातळ तेलाचा एकेक थेंब. आणि वरचं तेल? ते पुसून टाकायचं! कौतिकला हे काही पटायचं नाही. "लावायचं आन् पुसायचं? आमच्या गाडीच्या आखाला असं केलं तर बैलच शिव्या देतील!" डॉक्टर हसायचे. "कौतिकभाऊ, वर तेल राहिलं की धूळ धरते. आणि ती क्लिप मला निघताना डोळ्याने दिसली पाहिजे. दिसली नाही तर मी गाडीवर बसत नाही."

तर त्या रविवारी चेन नुकती घमेल्यातून काढलेली, आणि दारात घोडं येऊन उभं राहिलं. घोड्यावर वना. कौतिकच्या जावयाचा, भिकनचा, चुलतभाऊ. भडगावकडे गिरणेच्या काठी त्यांचं गाव, इथून आठ कोस. वना खाली उतरला तोच म्हणाला, "भाऊ, तानू दोन दिवसपाईन अडेल शे. सुईणनी हात टेकात. भडगावना डॉक्टर परगाव गयथा."

तानू म्हणजे कौतिकची एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण. माहेरी आणायची, तर बापाच्या घरात बाईमाणूस नाही म्हणून सासरीच ठेवलेली.

डॉक्टर बॅग भरायला आत पळाले. "कौतिकभाऊ, चेन चढवा! दहा मिनिटांत निघायचं. तुम्हीही मागे बसा!"

आता बघ, दहा मिनिटं. कड्या मोजून थेंब सोडत बसणार का तो? शिवाय गाडीवानांची एक रीत असते. लेकीच्या गावाला गाडी निघाली तर आख कुरकुरता कामा नये. वाटेत कुरकुरला तर लेकीचं काही खरं नाही म्हणतात. माणसं एरवी कोरडी गाडी हाकतील, पण लेकीला आणायला जाताना वंगण कोपरापर्यंत चोपडतील. कौतिकच्या खोलीत अजून तो बांबूचा नळा टांगलेला होता, त्यात एरंडेल तेल आणि जळक्या चिंधीची राख कालवलेलं काळं घट्ट वंगण. त्याने नळा आणला, चेन चढवली आणि थापलं की रे! मुठीमुठीने थापलं. माझ्या तानूसाठी चाललीय गाडी, कोरडी कशी जाऊ देऊ? बोटं लोण्यासारखी बुळबुळीत. त्याच बोटांनी क्लिप बसवली. बसली असं त्याला वाटलं. वरून आणखी एक बोट वंगण.

डॉक्टर बाहेर आले, सवयीने वाकले. "क्लिप बसली ना?"

"बसली, साहेब. चाला, चाला!"

आणि डॉक्टर पहिल्यांदा न बघता बसले. म्हाताऱ्याचं तोंड बघून बसले.

पाच कोस अशी पळाली फटफटी, की बस्स! कौतिक मागे डॉक्टरांच्या कोटाला धरून, डोळे मिटून. आवाज नाही, कुरकूर नाही. मनात म्हणतोय, बघ तानू, आलोच. आणि खाडकन आवाज झाला, इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं, गाडी लटपटत थांबली. चेन मागे धुळीत पडलेली, मेलेल्या धामणीसारखी.

डॉक्टरांनी उचलली. काळी माती, वाळू, कापसाचे तंतू, सगळं चिकटून दोरखंड झालेला. जोड उघडा. क्लिप नाही.

"हे काय लावलंय?"

"वंगण," कौतिक म्हणाला. "गाडीचं."

डॉक्टरांनी चेन गाडीवर टाकली. कौतिक गुडघ्यावर बसून धूळ चाळायला लागला, नखाएवढी क्लिप, पाच कोसांचा रस्ता! डॉक्टरांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "चला. पायी."

भर दुपार, चैताचं ऊन, तीन कोस. वनाचं घोडं दमलेलं, ते धरणगावातच राहिलेलं; वाटेत एक गाडी मिळेना. डॉक्टर पुढे जवळजवळ पळतायत, कौतिक मागे.

पोचले तेव्हा अंगणात बाया रडत होत्या. पोर झाली होती, जिवंत होती. तानूचं रक्त काही थांबलं नव्हतं; ती गेली होती. सुईण म्हणाली, "घटकाभर आधी यायचं होतं, साहेब. घटकाभर."

कौतिक उंबऱ्यातच बसला. कुणीतरी ती एवढीशी पोर फडक्यात गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवली. तानूचंच कपाळ.

आणि भिकन आतून आला तो थेट डॉक्टरांच्या कोटाला हात. "वना त पहाटलेच निंघना व्हता! इतला येळ काय कर रायनात?"

"गाडी मोडली," डॉक्टर म्हणाले. तेवढंच. कौतिककडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणी मोडी?" भिकनने कोट आणखी आवळला. "ज्यानामुये उशीर व्हयना, त्याले मी ह्या पोरनं तोंड दखाडाव नही. मरस तवलोंग नही!" तो सासऱ्याकडे वळला. "मामा, तुम्ही व्हतात ना संगे? तुम्ही सांगा. काय व्हयनं?"

बाया रडायच्या थांबल्या. डॉक्टर बॅग हातात घेऊन उभे. मांडीवरच्या पोरीने कौतिकचं बोट धरलेलं, आणि त्या बोटाच्या नखात अजून काळं वंगण.

कौतिकने पोरीला छातीशी धरलं. म्हणाला, "मी गाडीवान माणूस, पाव्हना. माले त्या यंत्रमझारलं काय समजस?"

डॉक्टरांनी तेव्हा मान वर केली. एकदाच बघितलं त्याच्याकडे. मग भिकनचा हात कोटावरून हळूच सोडवला आणि अंगणातून निघून गेले, मागून शिव्या, एक ढेकूळही पाठीत बसलं, तरी वळले नाहीत. तेव्हापासून गिरणेकाठच्या त्या गावांतून त्यांना कुणी बोलावत नाही. बाया अडतात, तरी नाही बोलावत.

आणि कौतिक दर महिन्याला नातीला बघायला जातो.

काय बघतोस असा? थुंकू नको त्याच्यावर इतक्यात. ती पोर तुझ्या मांडीवर असती, तुझं बोट धरून, तर तू काय केलं असतंस?