वाचनालयाच्या पाटीचा रंग

भाग्यश्रीचं पत्र येऊन महिना होत आला, तरी माधवरावांनी उत्तराची एक ओळ लिहिली नव्हती. भाग्यश्री त्यांची जुनी विद्यार्थिनी. लोणी काळभोरला ज्येष्ठांसाठी वाचनालय काढत होती. सर फोन उचलत नाहीत हे ठाऊक असल्याने तिने पत्र पाठवलं होतं : ‘पाटीचे रंग तुम्हीच सांगा. म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावरून वाचता आली पाहिजे. पुढच्या महिन्यात पंचवीस तारखेला पेंटर येतोय.’

चित्रकलेच्या मास्तरांना हे अवघड जायला नको. पण माधवरावांनी एकदा शाळेचं सभागृह आपल्या पसंतीने रंगवून घेतलं आणि पोरांनी त्याला ‘मुगाचं वरण’ नाव ठेवलं. तेव्हापासून ते रंगांबद्दल फक्त वाचत, रंग सुचवत नसत. त्यात यंदा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता त्या डोळ्याला कोरा कागद निळसर दिसे, डाव्याला चहा सांडल्यासारखा. खरा कुठला, कोण जाणे!

अठरा तारखेला त्यांनी पाच कार्डं रंगवून बायकोपुढे मांडली.

“हे बघ, फिकट पिवळ्यावर राखाडी. किती सौम्य!”

“इतकं सौम्य, की काही लिहिलंय असं वाटत नाही,” वासंतीबाई म्हणाल्या. “आणि हे?”

“गडद निळ्यावर पिवळं. छे, भडक! सार्वजनिक शौचालयाची पाटी वाटते.”

“ती मात्र सगळ्यांना सापडते हो. मला सांगा, वाचनालयात येणाऱ्या सगळ्यांची ऑपरेशनं झालीयत का?”

माधवरावांनी सगळी कार्डं उजव्या डोळ्यानेच पारखली होती.

वासंतीबाईंनी गच्चीतल्या दोरीला चिमट्यांनी कार्डं टांगली आणि नवऱ्याला दूर टाकीपाशी उभं केलं. “उजवा डोळा झाका. वाचा.”

राखाडी अक्षरं गडप. हिरव्यावरची तांबडी नुसती थरथरत होती. आणखी दोन कार्डांवर धुकं. शेवटी ते चाचरत म्हणाले, “वाचनालय. आत या.”

“कुठलं कार्ड?”

“शौचालयाचं.”

त्याच दुपारी त्यांनी लिहिलं : ‘गडद निळ्यावर पिवळी अक्षरं. मला आवडत नाहीत, पण माझ्या वाईट डोळ्याने वाचली आहेत.’ पुढे ‘किंवा’ लिहिताच वासंतीबाईंनी पेन काढून घेतलं.

वारज्याच्या पोस्टासमोर पाकीट हातात धरून ते तसेच उभे राहिले.

“काय झालं?” बरोबर आलेल्या वासंतीबाईंनी विचारलं. “पेटी लाल आहे, चालेल ना?”

“थोडी भडक आहे,” माधवराव म्हणाले आणि त्यांनी पाकीट आत सोडलं.